कारखान्यांच्या आधीचा वह्यांचा पट्टा

तुकोबांची छापील गाथा कुठून आली, याचा नकाशा एकदा काढून बघा. मजा येईल.

मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला खंड १८६९ मध्ये बाहेर पडला आणि दुसरा १८७३ मध्ये. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या दोघांनी तो पाठ सिद्ध केला. त्यासाठी त्यांनी समोर ठेवलेली हस्तलिखितं होती देहूची, तळेगावची, कडूसची आणि पंढरपूरची. पंढरपूर बाजूला ठेवा. उरलेली तिन्ही गावं आज कुठे आहेत? देहू पिंपरी-चिंचवडला खेटून, तळेगाव एमआयडीसीच्या पाटीखाली आणि कडूस चाकणच्या वर, खेड तालुक्यात. ज्या रस्त्यांवरून आज गाड्यांचे सुटे भाग भरलेले कंटेनर धावतात, त्याच रस्त्यांच्या कडेच्या घरांत साडेचार हजारांहून अधिक अभंग कुणीतरी बोरूने उतरवून, कापडात बांधून, पिढ्यान्‌पिढ्या जपले होते.

आणि पैसे कुणी दिले? मुंबई सरकारने. शिक्षण खात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांनी पुढाकार घेतला आणि या कामाला २४,००० रुपये मंजूर झाले. दीडशे वर्षांपूर्वीचे चोवीस हजार! मराठी ग्रंथ जपायला सरकारी तिजोरी उघडण्याची ही गोष्ट आजच्या कुठल्याही डिजिटायझेशन प्रकल्पाच्या बैठकीत पहिल्यांदा सांगावी अशी आहे.

चाकणची वही

चाकण म्हटलं की आज कुणालाही मोटारी आठवतील, जरा जुन्या माणसाला कांद्याचा बाजार, इतिहासवेड्याला फिरंगोजी नरसाळा आणि संग्रामदुर्ग. पण चाकणचं मराठी वाङ्मयावरचं सगळ्यात मोठं ऋण संताजी जगनाडे या माणसाचं आहे. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. कीर्तनात साथ करायची आणि अभंग उतरवून घ्यायचे, हे त्यांनी आयुष्यभर केलं.

त्या वह्यांचं पुढे काय झालं, ते ऐका. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे, म्हणजे १८९३ मध्ये ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेत पुढे असलेले आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे, संताजींच्या वह्यांपर्यंत पोहोचले आणि १९१९-२० च्या सुमारास त्यांनी त्यातले सुमारे तेराशे अभंग ‘अस्सल गाथा’ म्हणून छापले. ‘अस्सल’ या शब्दावरून विद्वानांत बरंच रणकंदन झालं. पण मुद्दा असा की साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी चाकणच्या एका तेल गाळणाऱ्या माणसाने मन लावून लिहिलं नसतं, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. २००९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. आज त्याच सुदुंबऱ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. पूर आला की जिथून बोटी निघतात, ते गाव म्हणजे आख्यायिकेतल्या, नदीत बुडालेल्या तुकोबांच्या गाथेची आठवण ज्याच्या वह्यांशी जोडली गेली, त्या माणसाचं गाव. असा योगायोग मुद्दाम रचूनही जमला नसता.

याच्या उलट बाजूची एक नोंद मनाला लागते. देहूच्या देवळात खुद्द तुकोबांच्या हातची मानली जाणारी वही आहे. दिलीप चित्रे यांनी ‘सेज तुका’च्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या वहीत सुमारे सातशे अभंग असल्याची नोंद होती आणि अलीकडे मोजले तर सुमारे अडीचशेच भरले. चित्र्यांचं पुस्तक १९९१चं.  वही हळूहळू रोडावत गेली. १९०० साली कुणी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो घेऊन ठेवला असता, तर पुढे गळालेली पानंही आपल्याला वाचता आली असती. कॅमेरा तेव्हा पुण्यात होता, हे लक्षात घ्या. तो देहूपर्यंत गेला नाही, एवढंच.

पाठशुद्धी हे काम नवं नाही

आळंदी चाकणच्या शेजारी. तिथल्या ज्ञानेश्वरांची ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी निरनिराळ्या पोथ्या जुळवून तिची शुद्ध प्रत तयार केली. नकलाकारांच्या हातून शिरलेल्या चुका काढल्या आणि पुढे कुणी मधे आपल्या ओव्या घुसडू नयेत म्हणून बजावूनही ठेवलं. आज डिजिटल ग्रंथालयात स्वयंसेवक जे करतात ते यापेक्षा वेगळं नाही: मूळ पान डावीकडे, टंकलेला मजकूर उजवीकडे आणि अक्षर न्‌ अक्षर ताडून बघायचं.

रुमालात बांधलेला महाराष्ट्र

पेशवे दफ्तरातले कागद फायलीत नसतात, रुमालात असतात. कागदांचा गठ्ठा चौकोनी कापडात गाठ मारून बांधायचा, तो रुमाल. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे हजारो रुमाल आहेत आणि त्यांत कोट्यवधी कागद. लिपी बहुतेक ठिकाणी मोडी. लेखणी न उचलता भरभर लिहिता यावं म्हणून घडलेली ही लिपी, आज मात्र ती भरभर वाचणारा माणूस शोधायला हिंडावं लागतं.

कागद कुठला? जुन्नरचा कागद मराठेशाहीत नावाजलेला होता. चाकणवरून नाशिक रस्त्याने वर गेलं की जुन्नरची वाट लागते. म्हणजे कच्चा मालही याच भागातला.

या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापून निघाले. संपादक गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजे रियासतकार. चार-पाच वर्षांत पंचेचाळीस खंड, तेही संगणकाशिवाय! रियासतकार निवृत्तीनंतर राहायला होते कामशेतला. तळेगावच्या पुढचं ते गाव. सर जदुनाथ सरकार त्यांच्याकडे कामशेतला येऊन राहत. मराठ्यांच्या आणि मोगलांच्या इतिहासाचे दोन सर्वांत मोठे जाणकार मावळातल्या एका छोट्या घरात बसून कागद जुळवतायत, हे चित्र शाळेच्या पुस्तकात यायला हवं होतं.

संगणकाच्या जगात मोडीचा प्रवेश झाला २०१४ मध्ये. युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला ७९ चिन्हांचं स्वतःचं दालन मिळालं. त्याआधी मोडीतलं अक्षर म्हणजे संगणकासाठी निव्वळ चित्र होतं. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच प्रसिद्ध केला, शिवकाल, पेशवेकाल आणि आंग्लकाल अशा तिन्ही वळणांचा. यंत्राला मोडी शिकवायची तर आधी माणसाने वाचून दिलेली पानं लागतात. कोट्यवधी कागदांसमोर दोन हजार म्हणजे सुरुवात. पण सुरुवात झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

चिंचवडच्या देवस्थानाची गोष्टही कागदांमुळेच जगापुढे गेली. मोरया गोसावींच्या घराण्याला मिळालेल्या सनदा, इनामं, तंटे हे सगळं मराठी दफ्तरांत नोंदलेलं होतं. लॉरेन्स प्रेस्टन यांनी ते धुंडाळून चिंचवडच्या देव घराण्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि ते १९८९ मध्ये केंब्रिजने काढलं. आणि याच चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी रँडच्या वधानंतर तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं. ते टिकलं कुठे? ब्रिटिश पोलिसांच्या कागदपत्रांत. ज्यांनी फासावर चढवलं त्यांच्याच दप्तराने शब्द जपले.

साठ वर्षांचं कॅलेंडर

डिजिटल ग्रंथालयात एखादं पुस्तक का असतं आणि दुसरं का नसतं, याचं उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात असतं: साठ. भारतात लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यावर पुढची साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. मग पुढच्या एक जानेवारीला पुस्तक सर्वांचं होतं.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ ला मोकळी झाली. कामशेतचे रियासतकार २९ नोव्हेंबर १९५९ ला गेले. ‘मराठी रियासत’ १ जानेवारी २०२० पासून कुणीही छापावी, टंकावी, मोबाईलवर वाटावी. (फारसा गाजावाजा झाला नाही. व्हायला हवा होता.) आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०३० हा मराठी वाचकांनी आत्ताच वहीत लिहून ठेवावा असा दिवस आहे. एकाच सकाळी अत्रे आणि अण्णाभाऊ! तळेगावकर गो. नी. दांडेकरांसाठी मात्र १ जानेवारी २०५९ ची वाट बघावी लागेल.

बहिणाबाईंचा हिशोब वेगळा आणि फार गमतीचा. त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणून गाणी १ जानेवारी २०१३ ला मोकळी झाली. पण त्या पुस्तकाला प्रस्तावना अत्र्यांची आहे आणि तिच्यावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालू आहे. एकाच पुस्तकातली गाणी सर्वांची आणि प्रस्तावना अजून राखीव.

हे साठ तरी कुठून आले? आधी पन्नास होते. १९४१ मध्ये गेलेल्या रवींद्रनाथांचं साहित्य १९९१ अखेर मुक्त होणार होतं. ऐन वेळी वटहुकूम निघाला, पुढे १९९२ मध्ये कायदा झाला आणि देशातल्या सगळ्याच लेखकांच्या हक्काला दहा वर्षांची वाढ मिळाली.

आंबेठाणचा अपवाद

आता या कॅलेंडरला वळसा घालून गेलेला माणूस. चाकणजवळचं आंबेठाण. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी १९७०च्या दशकात सहकुटुंब भारतात परतले आणि आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेतीत तोटाच का येतो, याचा हिशोब मांडता मांडता चाकणच्या बाजारात कांद्याचं आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८० मध्ये भामनेरच्या खराब रस्त्यासाठी वांद्रे ते चाकण असा पायी मोर्चा निघाला. वांद्रे म्हणजे मुंबईचं नव्हे, भामा नदीच्या खोऱ्यातलं. चळवळीसाठी साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ‘वारकरी’. देहू-आळंदीच्या शेजारच्या मातीत दुसरं नाव शोभलंही नसतं.

शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ ला गेले. नियमाप्रमाणे त्यांची पुस्तकं मोकळी व्हायला १ जानेवारी २०७६ उजाडावा लागला असता. तसं झालं नाही. हक्कधारकांनी मुक्त परवाना दिला आणि ‘अंगारमळा’, ‘चांदवडची शिदोरी’, ‘स्वातंत्र्य का नासले?’ ही आणि आणखी पुस्तकं मराठी विकिस्रोत या मुक्त डिजिटल ग्रंथालयावर चढली. चांदवडची शिदोरी म्हणजे १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनाची विचारांची शिदोरी. आज विदर्भातल्या एखाद्या मुलीला शेतमालाच्या भावावर निबंध लिहायचा असेल, तर तिला यांतलं पुस्तक दुकानात शोधावं लागत नाही, पैसेही मोजावे लागत नाहीत आणि त्यातला उतारा घेताना कुणाची परवानगीही लागत नाही. शेतकऱ्यांसाठी लिहिलेलं शेतकऱ्याच्या घरच्या मोबाईलवर फुकट पोहोचतं. साठ वर्षं आधी. माझ्या मते चाकण परिसरातून मराठी वाचकाला मिळालेली ही अलीकडची सर्वांत मोठी देणगी आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

लाल, पिवळं, हिरवं

विकिस्रोतावर पुस्तक कसं चढतं, हे बघण्यासारखं आहे. आधी छापील पुस्तकाचं स्कॅन. मग यंत्र ते वाचून मजकूर काढतं. या टप्प्यावर पान लाल असतं: अजून कुणी तपासलेलं नाही. एका माणसाने मूळ पानाशी ताडून दुरुस्त केलं की पिवळं. दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. पिवळं करणाऱ्यालाच तेच पान हिरवं करता येत नाही. दुसरी व्यक्ती लागतेच. पान अर्धवट किंवा सदोष असेल तर निळं, कोरं असेल तर करडं.

मराठीत यंत्र अडखळतं कुठे? जोडाक्षरांत, जुन्या छपाईतल्या तुटक्या मात्रांत आणि ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतल्या त्या अर्धचंद्री ‘ऱ’मध्ये. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल तर रोजचीच. ‘धन’ आणि ‘घन’ यांतला फरक यंत्राला कळत नाही. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या आणि चष्मा पुसून बसलेल्या वाचकाला क्षणात कळतो. ज्यांनी आयुष्यभर मायक्रोमीटर लावून मापं तपासली, त्यांच्याइतका चांगला मुद्रितशोधक मिळणार कुठून? या पट्ट्यात अशी माणसं हजारोंनी आहेत.

विकिस्रोताचाच भाऊबंद असलेला मराठी विकिपीडिया सुरू झाला तो सुरेख दिवस निवडून: १ मे २००३, महाराष्ट्र दिन. सुरुवातीचे लेख दोन. एक ‘वसंत पंचमी’वर आणि दुसरा बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेवर.

जात्यावरचं विद्यापीठ

आता सर्वांत मोठ्या खजिन्याकडे. हिंजवडीच्या काचेच्या इमारती ज्या तालुक्यात आहेत, त्या मुळशीच्या डोंगरकपारीतून हा सुरू होतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ. हेमाताई पुण्याच्या, गी फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की बाया सभेत बोलायला बिचकतात, पण जात्यावर बसल्या की त्यांच्या तोंडून जे निघतं ते कुठल्याही भाषणाहून थेट असतं. १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात झाली. गावातल्याच कार्यकर्त्या ऐकायच्या, हाताने उतरवून घ्यायच्या. मुळशीतून काम महाराष्ट्रभर पसरलं. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया. जगात बायकांनी रचलेल्या मौखिक कवितेचा इतका मोठा लिखित संग्रह शोधायला गेलात तर दमाल.

१९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीतशास्त्रज्ञ या कामात आले. ओव्या कागदावर होत्या, पण चाल कागदावर राहत नाही. त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि ओव्यांची संगणकीय सूची बांधली. विषयवार लावणी अशी की सीतेचा वनवास, भावाची वाट, सासूचा जाच, लेकीचा जन्म, पंढरीची वाट, बाबासाहेब, सगळ्याला आपापलं घर. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात गायलेल्या डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या याच संग्रहात आहेत.

गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. काम थांबलं असतं. पण पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने हा संग्रह हाती घेतला आणि मार्च २०१७ पासून ओव्या मराठी मजकूर, भाषांतर आणि आवाज यांसह लोकांसमोर येऊ लागल्या. ‘पारी’ची माणसं पुन्हा त्या गावांत गेली, वीस-वीस वर्षांपूर्वी गायलेल्या बाया शोधून काढल्या आणि त्यांना पुन्हा गाताना टिपलं.

मला या संग्रहातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ओवीखालची नोंद. गाणारीचं नाव, गाव, तालुका, शिक्षण, मुलं किती, काम काय, कधी गायली. लोकसाहित्याच्या जुन्या पुस्तकांत ओवी असते आणि खाली काहीच नसतं. जणू ती झाडावर उगवली. इथे कवयित्रीला नाव आहे. भाताची लावणी करणारी, शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई इथे कवी म्हणून नोंदली गेली आहे आणि उद्या तिच्या नातवाने हिंजवडीतल्या कचेरीत बसून आजीचं नाव शोधलं, तर ते सापडतं.

आणि कामाची वेळ किती नेमकी! पिठाची गिरणी गावात आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. जात्याबरोबर पहाटेची ती तास-दोन तासांची एकांताची जागाही गेली. ज्यांना ओव्या पाठ होत्या त्या शेवटच्या पिढीला या लोकांनी गाठलं. दहा वर्षं उशीर झाला असता, तर निम्मं हाती लागलं नसतं.

थोडं थोडं, इकडचं तिकडचं

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा आला १८३१ मध्ये. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. चाकणच्या बसथांब्यावर उभं राहून आज तुम्ही त्यात एखादा जुना शब्द शोधलात, तर उत्तर येतं शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालयातून. तिथेच दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही आहे आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही.

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात २३ खंडांचा ज्ञानकोश उभा केला. तो यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने आंतरजालावर आणला. वाईचा मराठी विश्वकोशही सगळा मोफत वाचता येतो.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने या शतकाच्या सुरुवातीला लाखो पुस्तकं स्कॅन केली. स्कॅनिंग केंद्रांच्या यादीत एक नाव होतं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं. होय, एमआयडीसी! पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं, पण पुस्तकांचा मोठा साठा इंटरनेट आर्काइव्हवर शाबूत आहे. तिथे मराठी पुस्तक शोधायचं तर एक युक्ती: नाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहून बघा. नोंदी करणाऱ्याने ‘ज्ञानेश्वरी’चं स्पेलिंग कसं केलं असेल, हे सांगता येत नाही.

‘ॲ’ हे अक्षर, म्हणजे ‘ॲप’मधलं, युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक ‘अॅ’ जोडून काम भागवत. दोन्ही दिसतात सारखी, पण संगणकाला वेगळी. जुन्या मजकुरात ‘बॅंक’ सापडते आणि ‘ॲटम’ सापडत नाही, तेव्हा हे कारण आठवा.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६चा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. देहूच्या वाण्याची गोष्ट इटलीपर्यंत पोहोचली ती सेल्युलॉइडवरून. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या; भडकन पेट घेणाऱ्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची रिळं गेली.

जे अजून कपाटात आहे

पिंपरीत जानेवारी २०१६ मध्ये ८९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, श्रीपाल सबनीस अध्यक्ष होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर, म्हणजे पेनिसिलिनच्या कारखान्याच्या अंगणात सारस्वतांचा मेळा. हे या गावाला साजेसंच होतं. कारण इथल्या कामगारांनी लिहिलं भरपूर. कारखान्यांच्या गृहपत्रिका, कामगार संघटनांची पत्रकं, वसाहतींच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका, हौशी नाट्यमंडळांच्या एकांकिकांच्या चक्रमुद्रित संहिता, कामगारांनी काढलेले दिवाळी अंक. मराठी दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची, पण कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या माणसांनी तीन पाळ्यांमध्ये काम करून काढलेले अंक ही इथलीच खास गोष्ट. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी कुटुंबांनी फाळणीनंतर जे लिहिलं-छापलं तेही याच यादीत मोजायचं. हे साहित्य कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाने मागवलेलं नसतं. ते असतं घरात, पलंगाखालच्या ट्रंकेत, आणि घर पुनर्विकासाला गेलं की रद्दीत.

१९९०-२००० च्या अंकांचा तर दुहेरी धोका आहे. ते संगणकावर जुळवले गेले, म्हणून लोकांना वाटतं की फाइल आहे म्हणजे सुरक्षित आहे. पण त्या फाइली श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा जुन्या फॉन्टांच्या. फॉन्ट नसेल तर उघडल्यावर दिसते निरर्थक रोमन अक्षरांची रांग. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात आणि बरंचसं काम मिनिटांत होतं. फक्त ती सीडी कोणाच्या कपाटात आहे, हे माहीत असलेला माणूस हयात असताना ते करायला हवं.

कागदावरच्या अंकासाठी महागडं यंत्र लागत नाही. खिडकीजवळचा सारखा उजेड, फ्लॅश बंद, मोबाईल पानाच्या बरोबर वर, पान सपाट. मुखपृष्ठ, श्रेयनामावली आणि जाहिरातीसुद्धा टिपायच्या. जाहिराती तर नक्कीच; १९७४ मध्ये चिंचवड स्टेशनसमोर कुठलं हॉटेल होतं, हे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. फाइलला नाव देताना अंकाचं नाव, वर्ष आणि पानाचा क्रमांक. प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

मग परवानगी. लेखक हयात असेल तर तो, नसेल तर वारस; कंपनीने काढलेली पत्रिका असेल तर बहुधा कंपनी. परवानगीचा मजकूर चार ओळींचा असतो: पुस्तकाचं किंवा अंकाचं नाव, त्यावर आपला हक्क असल्याचं निवेदन, कुठल्या मुक्त परवान्याखाली देतो त्या परवान्याचं नाव, आणि तारीख. तो ई-मेलने पाठवला तरी चालतो. शरद जोशींच्या पुस्तकांसाठी साठ वर्षांची वाट टळली ती अशाच संमतीने. तुमच्या वडिलांनी कारखान्याच्या दिवाळी अंकात लिहिलेल्या कथेलाही तेवढंच लागतं.